गरम पाण्याचं बटण

प्रताप खैरनारने सेकंडहँड अमेरिकन गाडी घेतली आणि ती का घेतली हे नंदू कापडणीसला सांगितलं, तेव्हा नंदूला चहाचा ठसका लागला. दोघं नाशिकचे, दोघं एकाच गॅस प्लांटवर इंजिनीअर आणि दोघं दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या एकाच बिल्डिंगमध्ये वर-खाली राहणारे. त्यामुळे एकाने मूर्खपणा केला की त्याला हसण्याचा पहिला मान दुसऱ्याचा, असं त्यांचं ठरूनच गेलं होतं.

"पुन्हा सांग," नंदू डोळे पुसत म्हणाला. "काचेवर पाणी उडवायच्या आधी ही गाडी ते पाणी तापवते?"

"हो. हे बघ, बर्फाच्या चित्राचं बटण. दाबलं की दिवा लुकलुकतो, मिनिटभरात पाणी गरम आणि मग फवारा. वायपर आपोआप फिरतो. एकदा दाबलं की चार फवारे मारल्याशिवाय थांबत नाही."

"दोह्यात?"

"थंडीत रे! डिसेंबरात पहाटे दव पडतं, त्यावर धूळ बसते, काचेवर चिखल होतो. गार पाण्याने तो नुसता पसरतो. गरम पाण्याने सुटतो."

"अरे देवा! ज्या गावात जुलैत नळाला चहाचं पाणी येतं, आपण गीझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून अंगावर घेतो, त्या गावात तू काच धुवायला बंब विकत घेतलास? कुणी गळ्यात मारली ही?"

दुसऱ्याच दिवशी सकाळी पार्किंगमध्ये रीतसर परीक्षा झाली. दोन्ही गाड्यांच्या काचांवर सारखाच चिखल होता. प्रतापने बटण दाबलं आणि तो दिव्याकडे बघत बसला. नंदूने एक जुनं बनियन बाटलीतल्या पाण्यात बुडवून आपली काच पुसली, आरसे पुसले, नंबरप्लेटही पुसली आणि मग प्रतापच्या खिडकीवर टकटक करून विचारलं, "तुझंही पुसून देऊ का? की अजून उकळी फुटायचीय?"

आता खरं काय ते आपण बोलू या, कारण नंदूला ते प्रतापने सांगितलंच नव्हतं. त्याला काच स्वच्छ करायचीच नव्हती मुळी. गाडी बघायला गेला तेव्हा विकणाऱ्याने ते बटण दाबून दाखवलं, काचेवरून वाफ उठली आणि प्रताप तिकडे बघतच राहिला. त्याला नाशिकची डिसेंबरातली सकाळ आठवली. अंगणात पेटलेला बंब आठवला. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात बायकोला, विभावरीला, ती शिकवायची त्या शाळेत सोडायला जाताना स्कूटरवर मागे बसून ती आपले गारठलेले हात त्याच्या स्वेटरच्या खिशात घालायची, ते आठवलं. त्या एका हिवाळ्यानंतर तो कतारला आला. तेव्हापासून त्या खिशात त्याने पाकीट ठेवलं, किल्ल्या ठेवल्या, रुमाल ठेवला, पण खिसा काही भरला नाही.

विभावरी एकदा आली होती राहायला, ऐन उन्हाळ्यात. दोन महिन्यांत परत गेली. सासूबाईंना तिने सांगितलं, "मला तिथला उकाडा सोसत नाही. थंडी नावाची गोष्टच नाही तिथे." शाळेतली नोकरी पुन्हा मिळाली आणि नवरा-बायकोचा संसार टेलिफोन कार्डावर सुरू झाला. आता नाताळच्या सुट्टीत ती पुन्हा यायची होती. "कायमची ये ना," असं प्रताप फोनवर म्हणाला, तेव्हा ती फक्त "बघते" म्हणाली. ते "बघते" प्रतापच्या छातीत रुतून बसलं होतं. त्याने मनाशी पक्कं केलं, की हिला इथे थंडी नाही म्हणून राहायचं नाही ना, मग थंडी दाखवायचीच, आणि अशी दाखवायची की नाशिक विसरली पाहिजे.

बेत असा होता. शुक्रवारची सुट्टी. पहाटे निघायचं, धुक्यातून थेट उत्तरेला अल रुवैसला जायचं, समुद्राकाठी स्टोव्ह पेटवून कांदाभजी करायची. वाटेत ते बटण दाबायचं, काचेवर वाफ उठवायची. आणि एवढ्यावर थांबला तर तो प्रताप कसला! आईने दिवाळीला नंदूबरोबर सुगंधी तेलाची बाटली पाठवली होती. प्रतापच्या मनात आलं, नुसती वाफ काय कामाची? तिला वासही आला पाहिजे. पहिल्या आंघोळीचा वास!

विभावरी आल्यानंतरच्या गुरुवारी, ती बॅगा लावत असताना, तो हळूच खाली उतरला आणि त्याने बॉनेट उघडून काचेच्या पाण्याच्या टाकीत अर्धी बाटली तेल ओतलं. तेल पाण्यात मिसळत नाही हे इंजिनीअर माणसाला ठाऊक असतं. म्हणून त्याने वर भांडी घासायचं लिक्विड ओतलं, डाव्या हाताने टाकी हलवायचा प्रयत्न केला आणि उरलेली अर्धी बाटली गाडीतच ठेवून, आपल्या हुशारीवर खूश होत वर आला.

शुक्रवारी निसर्गानेही साथ दिली. दोहा मागे पडलं आणि असं धुकं उतरलं की प्रतापला ते मिठीत घ्यावंसं वाटलं. विभावरी शाल गुंडाळून खिडकीबाहेर बघत होती.

"अहो, थंडी आहे की इथे!" ती म्हणाली.

"मग! तुला काय वाटलं?" प्रताप म्हणाला, जणू ती थंडी त्यानेच मागवली होती. "आता गंमत बघ."

त्याने बटण दाबलं. दिवा लुकलुकला. मग फुस्स करून फवारा उडाला, काचेवर पांढरी वाफ उठली आणि हवेच्या जाळीतून तो वास आत आला. विभावरीने डोळे मिटले. "अगंबाई," ती पुटपुटली, "दिवाळी." तिचा आवाज एकदम हळवा झाला होता. देवा, हिला माझ्याजवळ राहू दे, एवढंच प्रतापच्या मनात आलं.

मग वायपर फिरला.

समोरचा रस्ता होता तो नाहीसा झाला. काचेवर डावीकडून उजवीकडे तेलाचा एक जाड पट्टा उमटला, त्याला फेस आला आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे त्या फेसात विरघळून गेले.

"काय झालं?" विभावरीने डोळे उघडून विचारलं.

"काही नाही, काही नाही. पाणी अजून नीट तापलं नसेल."

दुसरा फवारा आला. पट्टा आणखी रुंद झाला. तिसऱ्याला गाडीत इतका वास भरला की विभावरीला शिंका सुटल्या. चौथा संपला तेव्हा हे थांबलं म्हणून प्रतापने हुश्श केलं आणि आता तरी पाणी कडक तापेल या आशेने घाईघाईत पुन्हा तेच बटण दाबलं.

"अहो, थांबवा की!"

"थांबत नाही गं ते! चार झाल्याशिवाय थांबतच नाही!"

खिडकीतून मान बाहेर काढून, कानाला गार वारा झोंबवून घेत, शेवटी त्याने गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला वाळूत उतरवली. मग फडक्याने काच पुसली. फडकं तेलकट झालं, काच होती तशीच राहिली. टिश्यूचा डबा संपला. विभावरीने काचेवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि ती वर्गात मुलाची वही तपासताना बघते तशी नवऱ्याकडे बघायला लागली.

"हे आईंनी पाठवलेलं तेल आहे."

"थोडंसंच."

"गाडीला अभ्यंग घातलंत तुम्ही?"

"तुला वास यावा म्हणून," प्रताप वाळूकडे बघत म्हणाला. "मला वाटलं..."

विभावरीने पदर खोचला, मागची डिकी उघडली आणि भज्यांसाठी आणलेलं बेसन बाहेर काढलं. "तेल कशाने जातं?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दोन मुठी बेसन काचेवर थापलं. "उभे काय राहिलात? स्टोव्ह पेटवा. कोमट पाणी लागेल. कोमट हं, काच तडकवाल नाहीतर!"

मग त्या हमरस्त्याच्या कडेला, धुक्यात, स्टोव्हवर पातेलं चढलं. विभावरी काच चोळत होती, प्रताप लोट्याने पाणी ओतत होता. "कोपऱ्यात राहिलंय, कोपऱ्यात," असं ती सांगत होती. नेमका त्याच वेळी धुक्यातून निळा दिवा फिरवत पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली.

तरुण कतारी पोलीस खाली उतरला. त्याने स्टोव्ह बघितला. पातेलं बघितलं. पिठाने माखलेली गाडी बघितली आणि मोठ्या समजुतीने हिंदीत विचारलं, "भाई, काच पे रोटी बनाता?"

"नो सर, नो. ऑइल. क्लीनिंग," प्रतापने हात जोडले. एका हातात लोटा होताच.

पोलिसाने गाडीत डोकं घातलं आणि तो थबकला. दीर्घ श्वास घेतला. चेहरा एकदम खुलला. "झेन!" त्याने अरबीत दाद दिली. "बहुत अच्छा खुशबू. कौन दुकान?"

"दुकान नहीं सर. मेरी माँ ने भेजा. पानी में डाला. गाडी पानी गरम करती है, काच के लिए."

"पानी गरम?" पोलिसाने खात्रीसाठी पुन्हा विचारलं. "कतर में?"

"थंडी में, सर."

पोलीस इतका हसला की त्याला टोपी धरावी लागली. मग त्याने स्टोव्ह आणि गाडी दोन्ही रस्त्यापासून आणखी लांब घ्यायला लावलं, धुकं जाईपर्यंत इथून हलायचं नाही अशी तंबी दिली आणि जाता जाता उरलेली अर्धी बाटली त्याला मिळेल का, तेही विचारून घेतलं. प्रतापने ती जड अंतःकरणाने दिली. "शुक्रन, माँ को सलाम," म्हणून तो धुक्यात दिसेनासा झाला.

आता अल रुवैस कुठलं! बेसन थोडं उरलं होतं, कांदे होते. विभावरीने तिथेच वाळूत चटई टाकली आणि कढई चढवली. पहिला घाणा निघेपर्यंत धुकं विरायला लागलं होतं. प्रताप गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. सगळा बेत पार फसला होता आणि सुट्टीचे दिवस तर भराभर सरत होते.

"विभा, मी तुला थंडी दाखवणार होतो गं," शेवटी तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस ना, इथे थंडी नाही, म्हणून राहवत नाही."

विभावरीचा झारा कढईत थांबला. "अहो, ते मी आईंना सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय सांगणार होते त्यांना? तुमचा मुलगा अंधारात जातो, अंधारात येतो, सुट्टीच्या दिवशी प्लांटवरून फोन आला की बूट चढवतो आणि मी दिवसभर फ्रिजशी बोलते, हे सांगू? म्हणून म्हटलं, उकाडा सोसत नाही. उकाड्याला कुणी उलटं विचारत नाही." तिने भजी उलटली. "मला थंडी कुठे हवी होती? तुम्ही हवे होतात. तिथे नाशिकला रजई असते, शेकोटी असते, सगळं असतं. तुम्ही नसता."

एवढा शिकलेला माणूस, पण बायकोने उकाडा म्हटलं तर हा थर्मामीटर बघत बसला होता. प्रताप सरकून तिच्याजवळ गेला आणि तिचा पिठाने भरलेला हात त्याने दोन्ही हातांत घेतला. हात गारठलेला होता.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. प्लांटचे मॅनेजर अब्बाससाहेब. प्रताप सवयीने ताडकन उभा राहिला आणि त्याचा एक पाय आपसूक बुटात गेला. विभावरीने नुसतं बघितलं, मग हात सोडवून घेतला आणि झारा उचलला.

"प्रतापभाई, जरा प्लांट पे आ जाओ. कंप्रेसर नखरे कर रहा है."

प्रतापने विभावरीकडे बघितलं. बुटातला पाय बाहेर काढला.

"सर, मैं रास्ते में फँसा हूँ. बहुत कोहरा है," तो म्हणाला. "सामने कुछ भी दिखाई नहीं दे रहा."

समोर लख्ख ऊन पडलं होतं. त्या उन्हात विभावरी बसली होती, कपाळावर बेसन, हातात झारा, आणि आपल्या नवऱ्याला खोटं बोलताना ती आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या कौतुकाने बघत होती.

"अच्छा, अच्छा. कब तक रहेगा कोहरा?" अब्बाससाहेबांनी विचारलं.

प्रतापने फोनवर हात ठेवला. "किती वेळ लागेल विचारतायत."

"एप्रिलमध्ये परीक्षा," विभावरी भजी काढत म्हणाली. "मग पेपर तपासायचे, निकाल लावायचे, राजीनामा द्यायचा, आईंना समजवायचं. जूनमध्ये येते मी. कायमची."

"जूनमध्ये? अगं, जूनमध्ये इथे भट्टी पेटलेली असते!"

"पेटू दे. घरी असणार आहात ना?"

प्रतापला हुंदका आला, हसू आलं, भज्याचा चटकाही बसला. फोनमधून अब्बाससाहेब पुन्हा पुन्हा विचारत होते, कोहरा कब तक, कब तक.

"सर," प्रताप फोनवरचा हात काढून म्हणाला, "जून तक."