आप्पांचे चंद्रावरचे नातेवाईक

भर दुपारी अंगणात धोतर-बंडीनिशी डोक्यावर घागर ओतून घेणारा माणूस दिसला, तर आमच्या बेळगावच्या खासबागेत कुणी दचकत नाही. फक्त विचारतात, "आप्पा, कोण गेलं?"

"चंद्रावर गेलता, त्यातला," आप्पा डोळे पुसत सांगतात. "दोघं खाली उतरले आन् ह्यो यानातच राखण करत बसला. लई सालस माणूस."

लांबचा नातेवाईक गेल्याची बातमी आली की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, ही आपली जुनी रीत. आप्पांनी ती अमेरिका आणि रशियापर्यंत वाढवली, एवढंच. पहिल्या पिढीतले ते अंतराळवीर आता नव्वदीच्या आसपास पोचलेले, त्यामुळे अशा आंघोळी वरचेवर होतात. वर तीन दिवस घरात गोडधोड बंद. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि या कुटुंबात सहनशक्ती फक्त आप्पांच्या बायकोकडे, आक्कांकडे आहे. त्यासुद्धा एकदा म्हणाल्या, "तुमच्या सायबास्नी म्हणावं, नळाचा दिवस बघून जावा."

आप्पा कोर्टाच्या नक्कल विभागात टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, आप्पा अंतराळवीरांना पत्रं लिहायला बसले. सही केलेला फोटो पाठवा, एवढीच मागणी. पत्ते शोधून द्यायचं काम माझ्याकडे, कारण मी शेजारी राहतो, शाळेत शिकवतो आणि माझ्याकडे इंटरनेट आहे. पत्राची भाषा मात्र आप्पांची. इंग्रजीत असली तरी ती अस्सल कोर्टातली. 'अर्जदार बेळगावचा कायम रहिवासी असून आपण अवकाशात गेल्याची बाब त्यास मान्य आहे,' अशी सुरुवात आणि 'या कृपेबद्दल अर्जदार आपला सदैव ऋणी राहील,' असा शेवट. आणि वरच्या कोपऱ्यात कोर्ट फी स्टँप.

"आप्पा, हा कोर्टाचा स्टँप. तिकडे काय उपयोग?"

"मास्तर, स्टँप न्हाय तर अर्ज दाखल कसा हुणार?"

मी पत्र पोस्टात टाकलं. दीड महिन्यानं फोटो आला. सोबत चिठ्ठी होती: तुमचा सुंदर स्टँप मी नातीला दिला, आणखी एक मिळेल का? आप्पांनी सहा पाठवले. अशा रीतीनं पत्र्याच्या ट्रंकेत एकेचाळीस फोटो जमले. प्रत्येकाला मलमलीचं फडकं, कारण ट्रंकेला घाम येतो असं आप्पांचं म्हणणं.

एकदा एकाच माणसाचे दोन फोटो आले. आप्पांनी दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. दोन्ही सह्या तंतोतंत जुळल्या. आप्पा खुर्चीत बसले ते उठेनात. "माणूस दोनदा सारखी सही करत न्हाय, मास्तर. माझी हयात गेली सह्या बघण्यात. हे मशीनचं काम हाय." चौकशी केली, तर खरंच अशी सही करणारी यंत्रं तिकडे असतात. आप्पांनी दोन्ही फोटोंच्या मागे पेन्सिलीनं 'नक्कल' लिहिलं आणि ट्रंकेत तळाशी ठेवले. झालं ते इथंच मिटायला हवं होतं. पण आप्पांच्या पोटात काही राहत नाही. निपाणीत पुतणीच्या लग्नात, पंगतीला बसल्याबसल्या, त्यांनी ही हकीकत थोरल्या भावाला सांगितली.

हे अण्णा म्हणजे आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत माल पारखलेले. चिमूटभर तंबाखू नाकाशी धरून भेसळ सांगायचे. जगात शुद्ध असं काही नसतंच, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी जिलेबीचा घास थांबवून निकाल दिला, "सही खोटी, तर चंद्र बी खोटा. कोण गेलं न्हाय. समदं शूटिंग हाय."

पंगत हसली. आप्पा भरल्या पानावरून उठले आणि थेट बेळगावची बस धरली. त्याला अकरा वर्षं झाली. दोघा सख्ख्या भावांत जमीन नाही, घर नाही, वाद कशाचा तर चंद्राचा. मध्ये पडायला गेलो की आप्पा म्हणायचे, "त्यानं एकदा म्हणावं, गेलते म्हणून. मी दुसऱ्या मिनटाला निपाणीत."

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. अण्णांना लकवा मारला होता, उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं. आप्पांनी फोन ठेवला आणि ट्रंक उघडून फडकी झटकत बसले. दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी दारात उभे. "मास्तर, निपाणीला येतासा? एकट्याला धीर हुईना."

बसमध्ये त्यांनी मांडीवरची पिशवी सोडली नाही. मला वाटलं पिशवीत फोटो असतील, पुरावे म्हणून. पिशवीत मिठाईचा डबा निघाला, कुंद्याचा.

अण्णा कॉटवर होते. मूळचा धिप्पाड माणूस निम्म्यावर आलेला. आप्पा उशाशी बसले, भावाचा निर्जीव हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि सगळ्यांदेखत, साक्ष द्यावी तसं मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, तुझं खरं हाय. चंद्रावर कोण गेलं न्हाय."

या माणसाला हे वाक्य किती महाग पडलं, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

अण्णांनी मान आप्पांकडे वळवली. मग वाकड्या झालेल्या तोंडातून एकेक अक्षर ढकलत म्हणाले, "गे... गेलते."

"न्हाय, न्हाय. शूटिंग हाय ते."

"ग... गप. गेलते म्हटलं न्हवं."

"अरं, मी सांगतोय न्हाय गेले."

पाच मिनिटं हेच चाललं. आवाज चढले. आप्पांच्या वहिनी चहा घेऊन आल्या आणि दारातच पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर मागं पडल्यावर आप्पा म्हणाले, "मास्तर, मी खोटं बोललो."

"माहीत आहे, आप्पा."

"त्यो बी खोटं बोलला. अजून त्याला वाटतंय, कोण गेलं न्हाय. डोळ्यांवरनं कळतंय की मला."

"मग आता?"

आप्पांनी खिडकीकडे तोंड वळवलं. म्हणाले, "आता दर रविवारी जायाचं. माझं न्हाय ऐकलं तरी चालंल, त्यो भांडायला तरी ऱ्हायला पायजे."