छोटूची सुटका

"कोन हाय का आत?" रेकॉर्ड रूमच्या दारात उभं राहून हिरामण शिपायाने विचारलं, तीनपर्यंत आकडे मोजले आणि बाहेरून कडी घालून तो निघून गेला. घड्याळात बरोब्बर साडेदहा वाजले होते.

हा नियम शाळेचे हेडक्लार्क प्रभाकर वैद्य यांचाच. शिक्षक मंडळी जुने दाखले शोधायच्या निमित्ताने त्या खोलीत शिरून निवांत डुलक्या काढत, म्हणून साडेदहाला एकदा विचारायचं आणि कडी घालायची. मग आतून कुणी कितीही बोंबललं तरी साहेबांच्या हुकमाशिवाय उघडायचं नाही. आता या वेळी आत कोण असावं? खुद्द साहेब! कानात इअरफोन, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर धडाधड गोळीबार.

बरं, दिवस तरी साधा? छे. निवृत्तीचा दिवस. अकरा वाजता खाली हॉलमध्ये निरोप समारंभ. चौतीस वर्षांत प्रभाकररावांना एक मिनिट उशीर झाला नव्हता. शाळेच्या आसपासचे निजामपुऱ्यातले लोक त्यांची सायकल बघून घड्याळं लावत. मुलांचे मोबाइल जप्त करणारे, 'खेळाने पिढी वाया चालली' अशी नोटीस स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिणारे असे हे प्रभाकरराव. दोन वर्षांपूर्वी 'शत्रू काय आहे ते तरी कळावं' म्हणून त्यांनी तो खेळ एकदा उघडून पाहिला, आणि कसलं काय, शत्रूनेच त्यांना गिळलं.

खेळ आसपासचेच खेळाडू जुळवून देई; तिथे चौघांशी त्यांची गट्टी जमली होती. नियम एकच, कुणी कुणाचं नाव-गाव-काम विचारायचं नाही. वय कळू नये म्हणून प्रभाकरराव बोलत नसत, नुसतं टाइप करत. सारखे गोळी खाऊन पडत, म्हणून सगळे त्यांना 'छोटू' म्हणत. टोळीचा कप्तान होता 'उस्ताद'. तोही ड्युटीवर असायचा म्हणून टाइपच करायचा, पण हुकूम असा की ऐकतच राहावं. 'छोटू गाढवा, झुडपात बस!' असं आलं की अख्ख्या स्टाफला कापरं भरवणारे हेडक्लार्क मुकाट्याने लिहीत, 'जी, उस्ताद.'

तर पावणेअकराला प्रभाकररावांनी दार ओढलं, आणि ते बाहेरून बंद! हाका मारल्या, पण खाली लाउडस्पीकरवर सनई सुरू झाली होती. फोन करावा, तर सगळ्यांचे नंबर टेबलावर राहिलेल्या बटणांच्या फोनमध्ये. हा मोठा मोबाइल गुपित होता. बायकोलासुद्धा माहीत नव्हता. त्यात फक्त टोळी.

शेवटी त्यांनी लिहिलं, 'अडकलोय. बाहेरून कडी. अकराला पोचलो नाही तर चौतीस वर्षांची अब्रू जाईल.'

टोळीला वाटलं, छोटूची चौतीस वर्षं कुठून आली? पण विचारायचं नाही हा नियम. उस्तादचं लगेच उत्तर आलं. 'पडलेल्याला उचलल्याशिवाय आपण पुढं जात नाय. छोटू, बाकी तिघांना ठिकाण कळव. मला येता येत नाय. आमचे साहेब सापडत नायत, त्यांना शोधतोय. आज त्यांचा मोठा दिवस हाय.'

प्रभाकररावांनी ते दोनदा वाचलं. स्वतः इतक्या अडचणीत असून हा माणूस आपल्यासाठी धावतोय! कोण कुठले ते साहेब, केवढे नशीबवान! त्यांनी डोळे पुसले आणि फक्त त्या तिघांना पत्ता धाडला. वर लिहिलं, 'मागची खिडकी, पहिला मजला.'

अकरा वाजून दहा मिनिटांनी खिडकीला शिडी टेकली आणि जाळीमागे एक डोकं वर आलं.

"छोटू किधर है, चाचा?" हातात पाना, शर्टावर ग्रीसचे डाग. हा इद्रीस, यंत्रमागाचा मिस्त्री. चालू लूम बंद करून आला होता.

"मीच," प्रभाकरराव म्हणाले.

इद्रीसने शिडी घट्ट धरली. "या अल्ला! छोटू तर आपल्या अब्बांच्या वयाचाय!"

"मंग सावकाश उतरव त्यांना!" खालून आवाज आला. ती मेघाली, पूर्णा गावच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारी. शिडी तिनेच टेम्पोत टाकून आणली होती. तिच्याशेजारी पांढऱ्या कोटात उज्मा, जवळच्या टेमघरची दातांची डॉक्टर. "चाचा, लवकर करा," ती म्हणाली. "पेशंटला गुळण्या करायला सांगून आलेय."

इद्रीसने खिडकीची जाळी भराभर खोलली. प्रभाकरराव अर्धी शिडी उतरल्यावर मेघालीने विचारलं, "दाराला कुलूप हुतं का, काका?"

"नाही गं, नुसती कडी."

"बाहेरून? मंग जिन्यानं येऊन कडी काढली आस्ती की!"

मग इद्रीस म्हणाला, "उस्तादचा उसूल आहे ना. दारातून कधी शिरायचं नाही, नेहमी मागून." ते सगळ्यांना पटलं. दोन वर्षं दारं टाळून खेळल्यावर जिना आठवणार कुणाला?

एवढ्यात प्रभाकररावांच्या कानावर लाउडस्पीकर आला. मुख्याध्यापिका रुचिरा मॅडम बोलत होत्या, "...वेळ म्हणजे प्रभाकरराव! आता साडेअकरा होत आलेत, ते येतीलच." आवाज इतक्या जवळून कसा? त्यांनी खाली पाहिलं. शिडीला लागूनच स्टेजच्या मागचा लाल पडदा. हॉलमध्ये उकडतं म्हणून हिरामणने सकाळीच समारंभ मागच्या पटांगणात हलवला होता, आणि साहेबांना सांगायला गेला तर साहेब जागेवर नव्हते!

दचकून प्रभाकररावांचा पाय पडद्याच्या दोरीत अडकला. दोरी तुटली आणि अख्खा पडदा खाली आला. पाचशे मुलं, सगळा स्टाफ आणि पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी अनसूयाबाई, सगळ्यांनी पाहिलं. उत्सवमूर्ती शिडीवर, अंगभर धूळ, पाठीवर इअरफोन लोंबतोय, एक पाय मिस्त्रीच्या हातात आणि दुसरा डॉक्टरीणबाईंच्या.

"अगंबाई! अहो, तिथं काय करताय?" अनसूयाबाई ओरडल्या.

इद्रीसला मात्र सभेशी काय घेणं? त्याने मोबाइल तोंडाशी धरून निरोप बोलून टाकला. स्टेजवर माइकपाशी हिरामण उभा होता, एका हातात शाल-नारळाचं ताट, दुसऱ्यात फोन. त्याचा फोन टिंग वाजला. काळजीने बेजार झालेल्या हिरामणने पटकन बटण दाबलं आणि सगळ्या पटांगणाने ऐकलं, "उस्ताद, छोटू सुटला! एक नंबर!"

मेघालीने हिरामणकडे पाहिलं. इद्रीसने पाहिलं. शिडीवरून प्रभाकररावांनीही पाहिलं.

"उस्ताद?" ते म्हणाले.

"साहेब... छोटू तुमी?" हिरामणने ताट खाली ठेवलं. "कडी तर मीच घातली. इचारलं बी हुतं वो! आनि मी तुमाला... गाढव बोललो."

"बरेचदा. आणि दर वेळी बरोबर बोललास."

पटांगणात असा हशा पिकला की रुचिरा मॅडमनाही खुर्ची धरावी लागली. हशा ओसरल्यावर प्रभाकरराव माइकपाशी गेले. खिशात शिस्तीवरचं चार पानी भाषण होतं. त्यांनी ते काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं.

"मुलांनो, मला आज उशीर झाला," ते म्हणाले. "चूक माझी. त्या नोटिशीबद्दल माफ करा. अर्धी खरी आहे, अभ्यासाच्या वेळी खेळू नका. पण हे तिघं बघा. एक लूम बंद करून आला, एक गोदामातून, एक दवाखान्यातून. मी कोण, काय करतो, कुणाला ठाऊक नव्हतं. तरी आले. आणि हा हिरामण. वीस वर्षं मी याला हुकूम सोडले, आणि हा दोन वर्षं मी पडलो की मला उचलत होता. मी एकदाही नीट 'थँक्यू' म्हटलं नाही. आज म्हणतो." शाल त्यांनी स्वतःच्या हाताने हिरामणच्या खांद्यावर घातली, आणि टाळ्या थांबता थांबेनात.

उज्मा तेवढ्यात पळाली, पेशंट अजून गुळण्या करत होता. इद्रीस आणि मेघालीला अनसूयाबाईंनी बसवून जिलेबी वाढली. "माझा माणूस आणून दिलात बाळांनो," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळून, "त्या फोनचं घरी बघते."

निघताना हिरामण शाल सावरत फाटकापर्यंत आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, उद्या जेवनाच्या सुट्टीत आपल्या टोळीची म्याच हाय. आता तुमाला ड्युटी न्हाय, तवा टायमावर या. एक मिनिट उशीर झाला तर आत घेनार न्हाय. नियम हाय."

प्रभाकररावांनी सायकल स्टँडवर लावली, ताठ उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच टाइप न करता, खणखणीत आवाजात म्हणाले, "जी, उस्ताद!"