आकाश दिसलं पाहिजे

"बेबी, हे यंत्र ज्याच्या हातात असेल त्यालाच सांगतं, तो कुठं आहे ते. दुसऱ्या कुणाला काही कळत नाही," असं धर्मराजनं नवीन जालन्यातल्या घराच्या गच्चीवर उभं राहून बायकोला स्वच्छ सांगितलं होतं. बेबीनंदानं ते ऐकलंही होतं. पण तेवढ्यात सिद्धू दुडदुडत कठड्याकडे निघाला, आणि नुकत्याच चालायला लागलेल्या पोराच्या आईचं ऐकणं म्हणजे अर्ध्या कानाचं. शिवाय ती बी.एस्सी. होती. उपग्रह म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. "कळलं हो," म्हणत ती पोरामागे धावली.

धर्मराज मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होता. जालना जिल्ह्यात समुद्र औषधालाही नाही, त्यामुळे तो पाण्याच्या खात्यात आहे असाच गल्लीचा समज होता. सुटीवर आला की लोक त्याला नळ कधी सुटणार ते विचारत. या खेपेला त्यानं सिंगापूरहून मूठभर आकाराचं जीपीएस आणलं होतं. उघड्या आभाळाखाली धरलं की ते अक्षांश-रेखांश दाखवी.

बेबीला मात्र त्याहून आवडली ती जहाजावरची बेल. धर्मराज सांगायचा, रात्री जो अधिकारी वॉचवर, म्हणजे पहाऱ्यावर, असतो त्याच्यासाठी थोड्याथोड्या वेळानं एक बेल वाजते. त्यानं बटण दाबलं म्हणजे तो ठीक आहे. नाही दाबलं तर तीच बेल थेट कॅप्टनच्या खोलीत वाजते.

"सिद्धूच्या पाळण्याला बसवता येईल का हो तसली?" बेबीनं विचारलं.

"पाळण्याला कशाला? तुलाच बसवायला पाहिजे," तो म्हणाला. हेही तिनं अर्ध्याच कानानं ऐकलं.

तसली एक बेल धर्मराजच्या गावी, धावड्याला होती. ती म्हणजे सासूबाई, साळूबाई. बेबी सासरी गेली की चुलीपुढून उगाच हाक यायची, "बेबे, हायेस का?" हिनं "हाव" म्हणायचं. पुढं काही नाही. कामही नाही. जरा वेळानं पुन्हा तेच. बेबीला त्याचा भारी वैताग येई. माणूस घरात असल्यावर असणारच की.

मार्चमध्ये धर्मराज पुढच्या परीक्षेसाठी मुंबईला गेला आणि इकडं साळूबाईंचा पाय मुरगळला. त्या खाटेवर पडून नातवाच्या नावानं झुरायला लागल्या. मग सासरे तातेराव, म्हणजे धावड्याचे रिटायर गुरुजी, सिद्धूला न्यायला स्वतः जालन्यात हजर झाले. बेबी शाळेत शिकवत होती आणि वार्षिक परीक्षेची सुपरव्हिजन तिच्यावर होती. तिला जाता येईना, आणि सासऱ्याला नाही म्हणता येईना.

तिनं पिशवीत दूध, दुपटी, ग्राइप वॉटर भरलं आणि वर जीपीएस ठेवलं. तात्यांनी ते खाऊच्या डब्याखाली सरकवलं तशी तिनं घाईनं बाहेर काढलं. "मामा, हे पिशवीत नका ठेवू. ह्याला आकाश दिसलं पाहिजे. उपग्रहाला दिसत राहिलं म्हणजे तुम्ही कुठं आहात ते कळत राहील."

"कुनाला?" तात्यांनी विचारलं.

"कळतं हो मामा."

जन्मभर पोरांची गणितं तपासलेल्या माणसाला हे उत्तर अर्धवट वाटलं. पण सून बी.एस्सी., आणि ते स्वतः जुने सातवी फायनल पास. नातवाला कडेवर आणि यंत्राला मुठीत घेऊन ते एस.टी.त चढले.

दुपारी शाळेतून आल्या आल्या बेबीनं धावड्याच्या पी.सी.ओ.ला फोन लावला. किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारीच तो फोन होता आणि तो दुकानदार वसंताच उचलायचा. त्यानं सांगितलं की गाडी येऊन परत गेली, गाडीतून तात्या काही उतरले नाहीत. पण बेबीच्या हातात विज्ञान होतं. तिनं धर्मराजच्या मुंबईच्या लॉजवर फोन लावला. परीक्षेचं पुस्तक हातात घेऊनच तो फोनवर आला.

"अहो, सिद्धू आणि मामा कुठं आहेत ते जरा उपग्रहाला विचारा ना."

त्यानं सावकाश विचारलं, "यंत्र कुठंय?"

"त्यांच्याजवळच दिलंय ना. म्हणूनच तर म्हणते."

"बेबी, मंग तात्यांना ते स्वतः कुठं आहेत ते बराबर ठाऊक असंल. आपल्याला कसं कळणार?"

गच्चीवरचं ते वाक्य आता पूर्ण कानानं ऐकू आलं. तिनं फोन ठेवला, दाराला कुलूप लावलं, आणि कुणाला एक शब्द न सांगता धावड्याच्या वाटेवरच्या भोकरदनच्या जीपमध्ये जाऊन बसली. चूल पेटलेली नव्हती, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, याची तिला आठवणही नव्हती.

भोकरदनच्या स्टँडवर तिनं पहिल्याच चहावाल्याला विचारलं. त्याला फार आठवावं लागलं नाही. "डोक्यावर रेडिओ धरलेलं म्हातारं न्हवं? कडंवर पोरगं व्हतं. टॅक्टरच्या टरालीत बसून गेलं की."

झालं होतं ते असं. एस.टी.च्या पत्र्याखाली यंत्राला आकाश दिसेना. तात्यांनी हात खिडकीबाहेर काढला, तर कंडक्टर हात आत घ्या म्हणून ओरडला. सुनेचा शब्द मोडायचा नाही आणि कंडक्टरचाही, म्हणून तात्या भोकरदनला गाडी बदलायच्या ऐवजी गावच्या रामकिसनच्या ट्रॉलीत सरकीच्या पोत्यांवर जाऊन बसले. आकाश भरपूर होतं. ट्रॅक्टर मात्र बैलाच्या चालीचा, आणि रामकिसन ओळखीच्या प्रत्येक धाब्यापुढं थांबणारा.

बेबी धावड्याकडच्या दुसऱ्या जीपमध्ये बसली. ती जीप अर्ध्या वाटेत पंक्चर झाली. स्टेपनीही पंक्चर निघाली. ड्रायव्हर चाक घेऊन एका मोटरसायकलवर गेला तो गेला. बाकीचे उतारू आडवाटेनं आपापल्या गावांना निघून गेले. बेबी एका लिंबाखाली दगडावर बसून राहिली. पाटी नाही, घर नाही, विचारावं तर माणूस नाही. डोळ्यांपुढं पोरगं, ट्रॉली, खड्डे.

त्याच सुमाराला तात्या नातवासह धावड्यात सुखरूप उतरले. वसंतानं सांगितलं, वहिनीचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आल्ता. तात्यांनी लगेच जालन्याला फोन लावला. नुसती रिंग. तिच्या शेजारच्या गिरिजाबाईंना लावला. त्या म्हणाल्या, दाराला कुलूप आहे. तेवढ्यात धर्मराजचा फोन आला, की बेबी घरी उचलत नाही, धावड्याला आली का? जो माणूस महासागरात जहाज कुठं आहे ते बोट ठेवून दाखवी, त्याला बायको जालना जिल्ह्यात नेमकी कुठं आहे ते सांगता येईना. घरी खाटेवरून साळूबाई तेवढं एकच विचारत होत्या, "आन् बेबी कुठंय?" तशी नातवाला घेऊन तात्या तिच्या शोधात पुन्हा रामकिसनच्या ट्रॉलीत चढले.

ऊन कलताना बेबीला धावड्याकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. रिकाम्या ट्रॉलीत तात्या मांडी घालून बसलेले, मांडीत सिद्धू बिस्किट चोखत असलेला, आणि वर, डोक्याच्याही वर, हातात जीपीएस. बेबीनं पोराला ओढून छातीशी घेतलं, त्याचे हात-पाय चाचपले. पोरगं ठणठणीत होतं.

"मामा, किती शोधलं मी तुम्हाला," ती कशीबशी म्हणाली.

तात्यांनी यंत्र डोळ्यांपुढं धरून वाचून पाहिलं. "आमचं बराबर चालू व्हतं, पोरी. आमी कुठं हाओत ते आमाला पार आकड्यानिशी ठाऊक. तुझंच कुनाला ठाऊक न्हवतं. मुंबईपस्तोर शोधून राह्यलेत लोक तुला." आणि वर म्हणाले, "सकाळी 'कुनाला' म्हून इचारलं व्हतं मी."

रामकिसननं गमज्यात बांधलेली भाकरी तिच्यापुढं केली तेव्हा तिला कळलं, आपण उपाशी आहोत.

धावड्यात पोचल्यावर वसंताच्या दुकानातून मुंबईला निरोप गेला. सिद्धू आजीच्या कुशीत शिरला. बेबी पडवीत भिंतीला टेकली आणि तिचा डोळा लागतो न लागतो तोच आतून हाक आली.

"बेबे, हायेस का?"

"हाव," ती म्हणाली. या वेळी तिला वैताग आला नाही. उलट जरा वेळ हाक आली नाही, तशी तीच कान देऊन वाट बघत राहिली.

तुमच्याही घरात कुणीतरी अशी असेल, सगळ्यांवर नजर ठेवणारी. तिला जरा हाक मारून बघा. काम नसलं तरी चालेल. आणि ओ आली नाही, तर उठून बघा.