नाराज नंबर अकरा

कुवाबाराच्या हातून वीस फॉर्म हौदात पडले आणि त्यांचा लगदा झाला. आमच्या गावच्या गरम पाण्याच्या स्नानगृहात तो कारकून होता आणि पुढच्याच महिन्यात कायम होणार होता. गिऱ्हाइकांनी त्या फॉर्मांवर एक ते पाच गुण दिले होते. सरासरी ४.२ आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण किती विखुरलेत त्याचं माप, १ असं अहवालात छापूनही झालं होतं. पण जिल्हा कार्यालयाला आता मूळ गुणही हवे होते, तेही संध्याकाळच्या आत.

कुवाबाराने संगणकाला सांगितलं, वीस आकडे काढ, कसेही काढ, फक्त सरासरी आणि विचलन जुळव. बिचाऱ्याने जुळवले. नऊ वेळा पाच, आठ वेळा चार, दोनदा तीन आणि अकराव्या ओळीत एक.

व्यवस्थापक निशिगाकींनी तक्ता वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एक? आपल्याला एकच गुण? कोण रे हा?"

"साहेब, तो... विचलनासाठी लागतो."

"विचलन गेलं खड्ड्यात! माणूस दुखावलाय. फॉर्म तूच गोळा केलेस ना? चल, माफी मागून येऊ."

वाटेत त्यांनी गोड सारणाच्या मांजूचा खोका घेतला. गल्लीच्या तोंडाशी "कुठलं घर?" असं साहेबांनी विचारल्यावर कुवाबाराने समोर दिसलेल्या हिरव्या दाराकडे बोट दाखवलं. आकडा काढला तसंच घरही काढलं.

दार मिसाओ आजींनी उघडलं. दोघे कमरेत वाकले.

"आलात एकदाचे!" आजी कडाडल्या. "तीन वर्षं झाली! माझ्या चपला भलतंच कुणी घालून गेलं, आणि तुमचा माणूस मलाच विचारतो, आजी, नक्की चपला घालून आला होतात का?"

कुवाबारा चक्रावला. आकडा खोटा, घर खोटं आणि राग मात्र अस्सल.

निशिगाकी पुन्हा वाकले. खोका आत गेला, चहा बाहेर आला. निघताना आजी म्हणाल्या, "पण तुम्हाला कळलं कसं हो? मी तर फॉर्म भरलाच नव्हता."

आता मेलो, असं कुवाबाराला वाटलं. रस्त्यावर येताच साहेब थांबले.

"कुवाबारा, त्यांनी फॉर्म भरला नव्हता."

"नाही साहेब. खरं म्हणजे..."

"न सांगता गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखलंस! मला तीस वर्षांत नाही जमलं हे. तू कायम झालास असं समज. आणि पुढच्या वर्षी फॉर्म वाटायचेच नाहीत. सगळे तूच भर."

कुवाबारा खरं सांगायला तोंड उघडणार, तोच निशिगाकी भर रस्त्यात त्याच्यापुढे कमरेत वाकले. साहेब वाकलेले असताना ताठ उभं राहून बोलायची आमच्याकडे सोय नाही. तोही वाकला.