तारामतीबाई उजळतात

जन्मभर दुसऱ्यांच्या मसुद्यांवर लाल रेघा ओढलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर मोकळं सोडू नये. हणमंतरावांना सोडलं (हेडक्लार्क होते, सरकारी!), आणि वर त्यांचा मुलगा अनिल अमेरिकेला जाताना नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घरात कॉम्प्युटर ठेवून गेला. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं.

तेव्हा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीत, पुण्याकडच्या सॉफ्टवेअरवाल्या पोरी भराभर येत होत्या आणि त्यांना इथलं काही रांधता येत नव्हतं. त्यांच्यातल्याच नीलिमानं नोकरी सोडून स्वयंपाक शिकवणाऱ्या सीड्या काढायचं ठरवलं. पहिली सीडी हणमंतरावांच्या बायकोची, तारामतीबाईंची. ती जमली तर पुढचं सगळं काम त्यांनाच मिळणार होतं. स्वतःच्या नावाचं काही मिळण्याची बाईंची ही पहिलीच वेळ. त्या हरखून गेल्या होत्या.

नीलिमा कॅमेरा घेऊन आली, बगारा बैंगनचं, म्हणजे तीळ-शेंगदाण्याच्या मसाल्यातल्या वांग्यांचं, शूटिंग झालं. एडिटिंगला माणूस बघते, म्हणाली. हणमंतराव म्हणाले, माणूस कशाला, मी आहे ना. (इथंच कुणीतरी त्यांचा हात धरायला हवा होता.)

तारामतीबाईंची शिकवायची रीत एकच. घड्याळ बघायचं नाही, रंग बघायचा. कांदा, तीळ, शेंगदाणे, खोबरं भाजता भाजता त्या कढई पुढं करून दाखवत, हा असा रंग आला की उतरवा, त्याच्या आधी नक्को.

हणमंतराव कापायला बसले. बायकोचा खोकला कापला. पदर सावरणं कापलं. नुसतंच परतणं चाललंय, काम काही पुढं सरकत नाही, म्हणून तेही कापलं. मग त्यांचं लक्ष चेहऱ्याकडं गेलं. बायको फारच काळी दिसत होती. पडद्यावर उजेड वाढवायची एक पट्टी होती, ती त्यांनी सरकवली. बाई गव्हाळ झाल्या. आणखी सरकवली, गोऱ्या झाल्या. हणमंतरावांना असा काही हुरूप आला, की बाई गोऱ्यापान होईपर्यंत त्यांनी पट्टी सोडली नाही. (नाक नीट करायचीही पट्टी शोधली. ती नव्हती.)

नीलिमाला बोलावून सीडी लावली. पडद्यावर एक परकी, गोरीपान बाई पांढराफटक मसाला ढवळत होती आणि तारामतीबाईंच्या आवाजात सांगत होती, बघा कसा लालसर झाला. नीलिमाला हसू आवरेना. मग ती ओशाळून म्हणाली, काका, हे बघून तर पोरी कच्चाच मसाला उतरवतील.

"अगं, हिचा चेहरा जरा बरा दिसावा म्हणून केलं," हणमंतराव म्हणाले.

तारामतीबाई पडद्याकडंच बघत होत्या. "मला बघायला आलात तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, मुलगी काळी आहे पण हाताला चव आहे. तुम्ही गप्प बसलात. मी आजवर समजत होते, तुम्हाला ते पटलं नाही म्हणून गप्प बसलात."

हणमंतरावांनी उठून सीडी बाहेर काढली आणि फडक्यानं पुसायला घेतली.

कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट शाबूत होती, ती नीलिमा घेऊन गेली. तिनं ती जशीच्या तशी, काळ्यासावळ्या बाईंसकट सीडीवर घातली आणि पुढचं काम बाईंनाच दिलं. दुसऱ्याच आठवड्यात तारामतीबाई पुढच्या शूटिंगसाठी कुकटपल्लीच्या बसमध्ये चढल्या. निघताना एवढंच बोलल्या, जेवणाचं तुमचं तुम्ही बघा.

हणमंतरावांनीही मनावर घेतलं. एडिटिंगमध्ये आपली काहीएक चूक नव्हती, हे त्यांना सिद्ध करायचंच होतं. स्वतःची सीडी लावली आणि पडद्यावर दिसला त्याच रंगावर मसाला उतरवला. वांगी त्यात सोडली.

संध्याकाळी तारामतीबाई आल्या. झाकण उचलून त्यांनी पातेल्यात पाहिलं.

"रंग छान गोरा आलाय," त्या म्हणाल्या. "खा आता."