दाजींची उपडी घागर

घरी आलेल्या पाहुण्याला आधी पाणी द्यावं आणि मग ख्यालीखुशाली विचारावी, ही आमच्या भागातली रीत. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान मारोतराव, पाण्याचा तांब्या हातात धरून आधी पाहुण्याचं तोंड न्याहाळायचे आणि विचारायचे, "तुमी इथलेच का?"

पाहुणा म्हणायचा, "न्हाई जी, मी सेनगावचा."

"म्हंजे इथलेच," असं म्हणून दाजी जरा हिरमुसायचे आणि तांब्या पुढं करायचे.

इथले म्हणजे दाजींच्या साखरा गावचे नव्हेत, पृथ्वीवरचे. आपल्यासारखी शहाणी माणसं मंगळावर राहतात, ती अधूनमधून इकडं येतात आणि कधीतरी साखऱ्याला येतील, याबद्दल दाजींच्या मनात तिळभर शंका नव्हती. आल्या पाहुण्याला विचारून घेतलेलं बरं, एवढंच.

हे खूळ त्यांनी वाशीमहून आणलं. त्या वेळी आम्ही मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आणि वाशीम इंग्रजाकडं. दाजी कापसाची गाडी घेऊन तिकडं गेले होते. जिनिंगबाहेर गाड्यांची ही रांग. तिथं एक वकील ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते. कुणा गोऱ्या साहेबानं मोठी दुर्बीण लावून मंगळावर कालवे पाहिले, अशी बातमी. ज्यांनी कालवे खणले ती माणसं केवढी हुशार असतील, इथवर बातमी आली आणि दाजींच्या गाडीचा नंबर लागला. उरलेली बातमी ऐकायची राहून गेली.

ती पुढं मीच त्यांना ऐकवली. म्हटलं, "दाजी, दुसरे साहेब म्हणतात, कालवेबिलवे काही नाहीत. डोळ्यांचा भास आहे."

दाजींनी थोडा विचार केला. "त्या दुसऱ्या साहेबाच्या घरी नळ असंल," ते म्हणाले. "ज्याला तहान न्हाई त्याला कालवा कसा दिसंल? बराबर हाय का न्हाई?"



साखऱ्याची जमीन कोरडवाहू. शिमगा झाला की दाजींच्या आडाचा तळ दिसायचा. मग आक्का, माझी थोरली बहीण, पहाटे उठून नाल्यात जायची, वाळूत झिरा उकरायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. दाजींना ते पाहवायचं नाही. ते कावड घेऊन तिच्या मागं निघायचे. गडीमाणसानं बायकोबरोबर पाणी वाहायचं म्हणजे गावाला आयती करमणूक. पारावरून कुणी तरी ओरडायचंच, "मारोतराव, मंगळावरचे गडीबी पानीच वाहून राहिले का?"

"त्यायला गरज न्हाई," दाजी थांबून शांतपणे सांगायचे. "त्यायच्या दारात कालवा हाय." आणि कावड सांभाळत पुढं जायचे.

ही माणसं आपल्याकडं आली होती, याला पुरावा काय, असं विचारलं की दाजी खूश व्हायचे. पुरावा म्हणजे लोणारचं तळं.

"एवढा गोल खड्डा कोन खनंल? ते उतरले तवा त्यायच्या गाडीच्या वजनानं जमीन दबली."

"मग राहिले का नाहीत?"

"पानी चाखलं. खारट निघालं. खाऱ्या पान्यावर कोन ऱ्हाईल? तू राह्यशील का?"

आक्काला यातलं काही पटत नव्हतं आणि तिनं कधी वादही घातला नाही. "मंगळाचे येतील तवा येतील," ती म्हणायची, "तवर तुमी बैलायला पानी दावा." खरी अडचण दुसरीच होती. दाजी लोणारला पोचेपर्यंत ऐकणाऱ्याला काहीतरी काम आठवायचं. कुणाची म्हैस सुटायची, कुणाला वैदूकडं जायचं असायचं. बोलता बोलता समोरची जागा रिकामी व्हायची आणि दाजी उरलेलं वाक्य बैलांना सांगून पुरं करायचे.

देश स्वतंत्र झाला आणि आम्ही अजून निजामाच्याच राज्यात होतो, त्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या वर्षी दाजींनी ठरवलं, नुसती वाट पाहून भागायचं नाही, बोलावणं धाडलं पाहिजे. आमच्याकडं करडई ज्वारीच्या कडेनं पेरतात, काट्यांमुळं जनावरं आत शिरत नाहीत. दाजींनी ती वावराच्या ऐन मधोमध पेरली. पौषात ज्वारीच्या हिरव्या रानात करडई पिवळीधमक फुलली, आणि माळावर चढून पाहिलं तर काय, भलीमोठी घागर! आणि तीही उपडी.

"अक्षर त्यायला वाचता येनार न्हाई," दाजींनी मला समजावलं. "पन घागर कुनालाबी कळते."

"उपडी काहून?"

"रिकामी हाय म्हनून. भरलेली दावली तर ते काहून येतील?"

मी त्या दिवसांत दाजींच्याच घरी लपलो होतो. निजामाविरुद्धच्या चळवळीची पत्रकं वाटताना सेनगावात माझं नाव पोलिसांपर्यंत गेलं होतं. दिवसा गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागं पडून राहायचं, असा माझा मुक्काम. कधीपर्यंत ठेवून घ्यायचं, असं ना आक्कानं विचारलं, ना दाजींनी. पकडलो गेलो असतो तर त्यांचंही घर राहिलं नसतं, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

एके दिवशी सकाळी घोड्यांच्या टापा वाजल्या. अमीनसाहेब, म्हणजे आपल्याकडचा फौजदार, दोन शिपायांना घेऊन थेट दारात. मला वाटलं, संपलं. गंजीमागून सगळं ऐकू येत होतं. दाजी तांब्या घेऊन बाहेर गेले असावेत, कारण त्यांचा आवाज आला, "या साहेब. तुमी इथलेच का?"

अमीन गुरकावला, "खेत में वो बम किसने बनाया?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ते माझ्यासाठी आलेच नव्हते. माळावरून कुणी तरी ती उपडी घागर पाहिली होती आणि ती त्याला बाँबगोळ्यासारखी दिसली होती. हिंदुस्थानच्या विमानांना केलेली ही खूण, अशी खबर सेनगावला पोचली होती.

"बम न्हाई साहेब, घागर," दाजी म्हणाले. "चला चावडीवर. समदं सांगतो. लांबची गोष्ट हाय."

ते चावडीकडं गेले आणि आक्का गोठ्यात आली. तिनं दाजींचं जुनं मुंडासं माझ्या डोक्याला गुंडाळलं, अंगावर घोंगडी टाकली आणि बैल जुंपायला घेतले. गाडीत कडबा भरलेला होताच.

"नीघ बापू. कनेरगावचा नाका चुकव आन शेताशेतानं पल्याड जा."

"पण आक्का, ते घराची झडती घ्यायला परत आले तर? मी वाटेतच सापडेन."

"न्हाई येत." आक्कानं जू बांधता बांधता सांगितलं. "आज पहिल्यांदाच कुनी ह्यायला आपनहून इचारलंय. दिवस मावळंस्तोवर साहेब हलत न्हाई."

गाडी चावडीच्या मागून न्यावी लागली. आक्का चार पावलं सोबत आली. आतून दाजींचा आवाज चढलेला ऐकू आला, "... आन पानी निघालं खारट!"

"अजून लोनारालाच हाईत," आक्का हळूच म्हणाली. "मंगळाला पोचायला लई येळ हाय. जा तू."

दिवस मावळायच्या आत मी निजामाची हद्द ओलांडली.

चावडीत काय झालं, ते नंतर गावच्या कोतवालानं सांगितलं. सुरुवातीला अमीन टेबलावर हात आपटत होता. मंगळाचं नाव निघालं तसा तो हसला. पण पोलीसच तो. प्रश्न विचारायची सवय. ती माणसं किती? त्यांचा म्होरक्या कोण? कुठल्या वाटेनं येणार? आणि दाजी एकेका प्रश्नाचं बैजवार उत्तर देत गेले. दुपारी अमीननं शिपायांना जेवायला धाडलं आणि स्वतः बसून राहिला. शेवटी उठला तेव्हा म्हणाला, "पाटील, घागर काट डालो, नहीं तो मेरी नौकरी जाएगी." पायरीवर थांबून त्यानं आणखी एक सांगितलं. "और वो लोग आए, तो मेरे गाँव का भी बोलना. हमारा कुआँ भी सूखा है."

घागर कापली गेली. त्या साली करडईचं तेल मात्र चांगलं निघालं, असं आक्का सांगायची.

निजामाचं राज्य गेलं आणि मी साखऱ्याला परत आलो. तिथून पुढं सेनगावला सभेला जायचं होतं, म्हणून गाडी दारातच उभी ठेवली होती. दाजी ओसरीवर दोर वळत बसले होते. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दाजी, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी दिवसभर त्या अमीनाला बोलण्यात गुंतवून ठेवलंत. तुमच्यामुळं मी वाचलो. हे मी जन्मात विसरणार नाही."

दाजी अवघडले. दोराचा पीळ उलटाच फिरवू लागले.

"खोटं काहून बोलू बापू?" ते म्हणाले. "लोनारापर्यंत तुझ्याचसाठी बोलून राहिलो व्हतो. जीव निसता खालीवर. पन पुढं... पुढं इसरूनच गेलो रे, तू गोठ्यात हाईस म्हनून. तो ऐकून राहिला व्हता. 'फिर क्या हुआ' म्हनायचा. पुरं ऐकलं त्यानं. मधी उठला न्हाई."

बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत गोष्ट पुरी ऐकणारं माणूस त्यांना एकच भेटलं होतं, आणि तेही पकडायला आलेलं.

मी बाहेर जाऊन गाडीवानाला सांगितलं, तू हो पुढं, सभा माझ्यावाचून अडत नाही. परत आलो आणि म्हटलं, "दाजी, मला लोणारच्या पुढचं काही माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "येळ हाय का तुला? घाई असंल तर ऱ्हाऊ दे. तकलीफ नको."

स्वयंपाकघराच्या दारातून आक्का मला हातानं खुणावत होती, अजून निसटायला वेळ आहे, नीघ.

दाजींनी दोर बाजूला सारला, घोंगडीवरचा कचरा हातानं झाडला आणि मला जागा करून दिली. मी भिंतीला पाठ टेकून ऐसपैस बसलो.