रिजिड, वाक्यात उपयोग करून

"मुलगी गुणी आहे, पण रिजिड वाटते," स्वयंपाकघरात सासरे सासूबाईंना सांगत होते.

"म्हणजे?"

"ताठ. वाकवलं तरी न वाकणारं. वाक्यात उपयोग: आमची सूनबाई रिजिड आहे." (सासरे इंग्रजीचे निवृत्त मास्तर. नुसता अर्थ सांगून थांबणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.)

दाराबाहेर रिकामा कप घेऊन उभी असलेली सूनबाई आल्या पावली परत फिरली. लग्नाला जेमतेम तीन आठवडे, आणि आपण ताठ! काल चहात साखर नको म्हटलं, तेच भोवलं. या घराने आपल्याला आपलं म्हणायचं असेल, तर आजपासून वेतासारखं वाकायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

झालं. पंखा बंद करू? चालेल. राहू दे? तेही चालेल. चहात दोन चमचे साखर? चालेल. (तो चहा ती खोकल्याच्या औषधासारखा डोळे मिटून घेई.)

रविवारी सासऱ्यांनी विचारलं, "आमचं मोठं कपाट तुमच्या खोलीत हलवू या का?"

आता सूनबाई घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात कामाला. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण टेप असायचीच. खोलीच्या दारातून वाट पंचवीस इंचांची आणि कपाट आडवं धरलं तर कड्यांपाशी साडेपंचवीस, हे तिला तोंडपाठ होतं. जीभ नुसती वळवळली.

"चालेल," ती म्हणाली.

नवरा आत जाऊन ओढू लागला, सासरे बाहेरून रेटू लागले. निम्मं कपाट आत गेलं आणि कड्यांपाशी जे अडलं, ते पुढे जाईना की मागे येईना.

"ढकला, बाबा!"

"तू ओढ, गाढवा!"

"अहो, पण मी बाहेर कसा येऊ?"

"आधी कपाटाचं बघू," सासूबाई म्हणाल्या. "त्यात माझ्या साड्या आहेत."

घामाघूम सासऱ्यांनी एक हात कमरेवर ठेवून सुनेकडे पाहिलं. "आणखी एकदा रेटू?"

चालेल म्हटलं असतं, तर ती कंबर गेली असती.

"नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली, की आत नवऱ्यानेही हात सोडले. "कपाट अर्धा इंच जास्त आहे, मला माहीत होतं. कपाटावरून आत स्क्रूड्रायव्हर द्या. त्यांना आतून खोलीचं दार बिजागरीतून काढू द्या, दीड इंच मिळेल. तोवर कुणी हात लावायचा नाही!"

अर्ध्या तासात कपाट आत गेलं आणि नवरा बाहेर आला. सूनबाईची मान मात्र खाली.

"सॉरी, बाबा. परत रिजिड झाले."

"ऐकलंस होय?" सासरे हसू लागले. "मग पुढचंही ऐकायचं की! या घरात असं एक तरी माणूस हवंच होतं, म्हणालो मी. आम्ही तिघं 'तू म्हणशील तसं' करत बसतो. चार वर्षं झाली, पडद्यांचा रंग ठरत नाहीये!"

सासूबाईंनी आधण ठेवलं. "आता खरं सांग गं. साखर?"

तिघेही तिच्याकडे बघत होते.

"नको," ती ठामपणे म्हणाली. मग तिला सासूबाईंच्या हातातला भरलेला चमचा दिसला. "म्हणजे... डब्यातून काढलीच असेल, तर चालेल."